मांसाची गाठ आणि मुंबईच्या खेपा

मराठीत 'गाठ' या शब्दाइतका राबणारा शब्द विरळाच. लग्नाची गाठ असते, मनाशी बांधलेली खूणगाठ असते, सुटणारी सुरगाठ आणि न सुटणारी निरगाठ असते. दोन माणसांची गाठ पडते आणि चार पैसे गाठीशी असतात. याच शब्दाची एक काळी बाजूही आहे. १८९७ च्या सुमारास प्लेग आला तेव्हा सुशिक्षितांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. गावोगाव मात्र काखेत नि जांघेत आलेली ती 'गाठ'च होती. पुढे प्लेग ओसरला, शब्द राहिला. आज आपल्याकडे कुणी आवाज उतरवून 'त्यांना गाठ निघाली' असे म्हणतो, तेव्हा ऐकणारा पुढचे काही विचारत नाही.

शास्त्रीय मराठीने या गाठीसाठी 'अर्बुद' हा संस्कृत शब्द उचलला. तो सुश्रुतसंहितेतला आहे. तिच्या निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार आहे. अर्बुदाचे वर्णन नेमके आहे: गोल, घट्ट बसलेले, फारसे न दुखणारे, मोठे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. मांसात होणाऱ्या अर्बुदाला तिथे 'मांसार्बुद' असे वेगळे नाव आहे. ग्रीकांचा 'सार्कोमा' हाही 'सार्क्स' म्हणजे मांस या शब्दावरूनच आला आहे. दोन भाषांनी एकाच गाठीला एकाच धातूने बांधावे, याचे भाषेच्या अभ्यासकाला कौतुक वाटावे. पण चिकित्सास्थानात सुश्रुताने जे सांगितले आहे ते याहून महत्त्वाचे आहे. अर्बुद काढताना त्याचा थोडाही अंश मागे ठेवू नये. शेष राहिले तर ते लवकरच पुन्हा उभे राहते आणि विझवायचा राहिलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते, असा त्याचा इशारा आहे.

हा इशारा मी प्रथम वाचला तो एम.ए.ला असताना, भाषाशास्त्राच्या एका टिपणासाठी शब्द शोधता शोधता. वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. कारण तोवर आमच्या घरात तो विस्तव एकदा पेटून गेला होता.

माझे मामा यावल तालुक्यात केळीची शेती करीत. १९९६ साली त्यांच्या मांडीत, मागच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिले नाही. मग जवळच्या एका गावातल्या डॉक्टरांनी 'चरबीची गाठ आहे' असे सांगून अर्ध्या तासात ती काढली आणि काढलेला गोळा टाकून दिला. तपासणीला पाठवायचा असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी पाठवला नाही. सहा महिन्यांनी त्याच व्रणाखाली गाठ पुन्हा आली, आता मोसंबीएवढी. मग मुंबई. तिथे सुईने तुकडा घेतला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, मांडीचा बराच स्नायू गेला, किरणोपचार झाले. पाय वाचला. निदानाच्या कागदावर जो शब्द होता तो घरात कुणाला उच्चारता येईना. मामी त्याला शेवटपर्यंत 'ते इंग्रजी' म्हणत.

आणि मग खेपा सुरू झाल्या. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. मी अकरावीत होतो आणि घरात इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून पहिल्या बहुतेक खेपांना बरोबर असे. रात्रीची गाडी, जनरलचा डबा, पहाटे दादर. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर कुणाच्या ओळखीने. त्या धर्मशाळेच्या ओसरीवर मला माझा खानदेश भेटला: शिरपूरचे, साक्रीचे, चोपड्याचे, रावेरचे लोक. धुळ्याकडचे काही महामार्गाने एस.टी.ने आलेले, काही चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या डब्यातून. अहिराणी, लेवा गणबोली, एखाद्या कोपऱ्यात पावरी. सगळ्यांचे एकच काम: 'दाखवायला' आलेले. काही झालेले नाही, हे दाखवून घ्यायला.

मामांच्या छातीचा दर वेळी एक्स-रे काढीत. मांडीची गाठ आणि छातीचा फोटो यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनाही पडे आणि मलाही. संबंध असा की या जातीच्या गाठी रक्तावाटे पसरतात तेव्हा बहुधा प्रथम फुफ्फुसात जातात. पुढे कुणा हितचिंतकाने सांगितले की एक्स-रेत बारीक ठिपका दिसत नाही, सी.टी. स्कॅनच करा. मामांनी त्यासाठी एक म्हैस विकली. स्कॅनमध्ये काही निघाले नाही. म्हैस चांगली दुभती होती, हे मामी पुढे अनेक वर्षे सांगत.

एवढ्या खेपा आणि ती म्हैस खरोखर आवश्यक होती का? त्या वेळी हा प्रश्न विचारणे आम्हाला कृतघ्नपणाचे वाटले असते. परंतु तो कुणीतरी विचारला, नीट विचारला आणि मुंबईतच विचारला. प्रस्तुत लेखाचा विषय खरे तर तो प्रश्न आहे. पण तो विचारण्याची पद्धत कशी घडली हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. म्हणून थोडे मागे जावे लागेल.

मृदू ऊती म्हणजे हाडे आणि इंद्रिये सोडून शरीर जोडून धरणारे सारे: स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, स्नायुबंध, मज्जातंतूंची आवरणे. यांत होणारी मारक अर्बुदे प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सुमारे १ टक्का. त्या एका टक्क्यात पुन्हा ५० हून अधिक पोटजाती. म्हणजे एखाद्या जिल्ह्यातल्या डॉक्टराला त्यातली एखादी विशिष्ट जात आयुष्यात एकदा दिसेल किंवा दिसणारही नाही. साध्या चरबीच्या गाठी मात्र तो दर आठवड्याला पाहतो. मामांच्या डॉक्टरांवर माझा राग आजही आहे. पण हे गणित कळल्यावर त्याची धार थोडी बोथट झाली, हे कबूल करतो.

दुर्मीळतेची खरी अडचण ज्ञानाची आहे. शंभरांना होणाऱ्या रोगाचा अनुभव साठतो. एकाला होणाऱ्या रोगाची फक्त गोष्ट होते. आणि गोष्ट फसवते. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यवैद्याचे आयुष्य हे याचे सर्वांत करुण उदाहरण. १८९० साली त्याच्याकडे बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी आली, हाताला सार्कोमा घेऊन. त्याने तिचा हात कोपराखालून कापला. तरीही १८९१ च्या जानेवारीत ती गेली. अस्वस्थ झालेल्या कोलीने रुग्णालयाची जुनी दप्तरे उपसायला सुरुवात केली. त्यात त्याला स्टाइन नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली: मानेतला सार्कोमा, शस्त्रक्रियांना दाद न देणारा; मग जखमेत धावरे झाले, तापाने माणूस फणफणला आणि गाठ विरून गेली. नोंद सात वर्षांपूर्वीची. कोली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतले चाळवजा जिने चढत त्या माणसाला शोधत फिरला आणि तो सापडला, जिवंत, मानेवर व्रण घेऊन.

इथे धुळ्याच्या वाचकाला कुणाची आठवण येईल ते सांगायला नको. बाडांच्या मागे गावोगाव हिंडणाऱ्या आणि अखेर धुळ्यात, १९२६ च्या शेवटच्या दिवशी देह ठेवणाऱ्या राजवाड्यांचा आणि कोलीचा काळ एकच. दप्तर उपसण्याची असोशीही तीच. परंतु पुढे दोघांच्या वाटा फुटतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरी आणि समकालीन पत्रे शेजारी शेजारी ठेवून बखरींची चूक दाखवून दिली. बखर खोटे बोलतेच असे नाही. पण ती शेवट ठाऊक असलेल्याने लिहिलेली असते. कोलीने मात्र बखरच लिहिली. १८९१ साली झोला नावाच्या इटालियन रुग्णाला त्याने मुद्दाम जंतू टोचून धावरे आणवले. गाठ विरली आणि तो माणूस पुढे आठेक वर्षे जगला. त्यानंतर कोलीने हजाराच्या घरात रुग्णांवर ही जंतुविषे वापरली. काहींना विलक्षण गुण आला. पण मात्रा बदलत राहिल्या, मिश्रणे बदलत राहिली, तुलनेला कुणी ठेवले नाही, आणि जे बरे झाले ते औषधाने की त्याशिवायही झाले असते, हे सांगणे कुणालाच शक्य उरले नाही. १९३६ साली तो वारला. त्याची कन्या हेलन कोली नॉट्स हिने बापाचे सारे कागद जमवून एकेक रुग्णाची नोंद लावली. १९५३ साली तिने एक संशोधनसंस्था काढली. शरीराची प्रतिकारशक्तीच कर्करोगावर सोडण्याची जी विद्या आज नावारूपाला आली आहे, तिचे मूळ लोक कोलीत शोधतात. बखरीत सत्य होते, पण पुराव्याअभावी ते अर्धशतकाहून अधिक काळ वाया गेले.

मग पुरावा कशाला म्हणायचे? १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध थोडे, रोगी फार. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोपवले. डॉक्टराची मर्जी, रुग्णाचा वशिला, त्याच्या चेहऱ्यावरची आशा, सगळे बाजूला. चिठ्ठीने पाडलेले दोन गट सरासरीने सारखे होतात. पुढे जो फरक पडतो तो उपचाराचा. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर इथे शेवट ठाऊक होण्याआधीच कागद लिहिला जातो.

दुर्मीळ गाठींच्या बाबतीत ही पद्धत अवघड, कारण दोन गट पाडायला माणसेच पुरत नाहीत. पण थोडी माणसेही काय करू शकतात हे अमेरिकेत दिसले. हातापायात मृदू ऊतींचा सार्कोमा म्हणजे तो अवयव तोडणे, अशी रीत होती. १९७५ ते १९८१ या काळात स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांत चिठ्ठ्या टाकल्या: १६ जणांचा अवयव काढला, २७ जणांची गाठ काढून किरणोपचार दिले. वाचवलेल्या अवयवात चौघांची गाठ परत आली, कापलेल्यांत कुणाची नाही. परंतु जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. १९८२ साली हे प्रसिद्ध झाले. आपला पाय राहील की जाईल हे चिठ्ठीवर सोडायला होकार देणारी ती ४३ माणसे. त्यांची नावे प्रबंधात नाहीत, असायचीही नाहीत. मामा त्यानंतर पंधरा वर्षांनी आपल्या दोन पायांवर केळीच्या बागेत उभे राहिले.

मुलांच्या स्नायूंत होणाऱ्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमासाठी १९७२ पासून अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी आपले रुग्ण एकत्र मोजायला सुरुवात केली, त्याचीही कथा अशीच आहे. ती इथे विस्ताराने सांगत नाही.

आता मुंबई. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रे वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. गोमंतकीय कुळातला हा विकृतिशास्त्रज्ञ. बालपणीचे शिक्षण क्वेट्ट्याला, पदवी लंडनची. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. 'लागोपाठच्या' हा शब्द महत्त्वाचा. निवडक नव्हे, चमत्कारिक नव्हे, आले तसे. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. तिथे कमल रणदिवे या पुण्याच्या विदुषीने ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. (मराठीत आपण कादंबरीकारांच्या जन्मशताब्द्या साजऱ्या करतो. खानोलकरांची १९९५ साली आली आणि गेली, रणदिव्यांची २०१७ साली. आमच्या महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांवर दोघांपैकी कुणी दिसले नाही. आमच्या म्हणजे माझ्याही.) १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, १९८७ साली बार्शीला पहिली ग्रामीण.

याच परळच्या रुग्णालयात, मामांच्या खेपा संपत आल्या होत्या त्या सुमारास, तो प्रश्न विचारला गेला.

हाडांच्या आणि मृदू ऊतींच्या गाठींचे शल्यवैद्य डॉ. अजय पुरी आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २००६ ते जून २०१० या काळात ५०० रुग्णांना एका चाचणीत घेतले. साऱ्यांच्या हातापायातला सार्कोमा काढलेला, कुठे पसरलेला नाही. औषधाची ही चाचणी नव्हे. प्रश्न एवढाच होता की शस्त्रक्रियेनंतर या माणसांवर नजर कशी ठेवावी. चिठ्ठीने काहींना दर तीन महिन्यांनी बोलावले, काहींना दर सहा महिन्यांनी. काहींच्या छातीचा साधा एक्स-रे काढला, काहींचा सी.टी. स्कॅन. अशा चार वाटा. मग कोण किती जगले हे पाहिले.

जगभरच्या पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर ठरलेले होते, पण ते कुणी तपासलेले नव्हते. वारंवार बोलावणे आणि बारीक तपासणे चांगलेच, हे इतके उघड वाटत होते की त्यावर चाचणी घ्यावी असे श्रीमंत देशांत फारसे कुणाला सुचले नाही. ते परळला सुचले याचे मला नवल वाटत नाही. परळच्या पदपथावर जो डॉक्टर रोज वळकट्या ओलांडून कामावर जातो त्याला 'तीन महिन्यांनी या' या वाक्याचे वजन कळते. तीन महिन्यांनी या म्हणजे रुग्णाची आणि सोबत्याची मिळून आठवड्याची मजुरी, दोन तिकिटे, पेरणी किंवा तोडणी चुकणे, मुलाची शाळा बुडणे. धुळ्याहून सव्वातीनशे किलोमीटर, जळगावहून सव्वाचारशे, आणि तिथल्या ओसरीवर बिहार-बंगालचे लोक भेटत त्यांची गणती याहून मोठी.

या चाचणीची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. स्वस्त मार्ग अधिक चांगला आहे असे तिला सिद्ध करायचे नव्हते. तो महाग मार्गापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे वाईट नाही, एवढेच दाखवायचे होते. माणसे नम्र प्रश्नाला कमी लेखतात, पण हा नम्र प्रश्न विचारायला धैर्य लागते, कारण उत्तर उलटे आले असते तर कमी तपासलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजलेली असती. म्हणून होकार घेताना हे सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याला ते कळावे लागते.

निष्कर्ष २०१४ साली एका अमेरिकी अस्थिशल्य नियतकालिकात आले. साधा एक्स-रे काढलेल्यांत तीन वर्षांनी ६७ टक्के हयात होते, सी.टी. काढलेल्यांत ६६ टक्के. स्कॅनमध्ये ठिपका लवकर दिसे. आयुष्य त्याने वाढत नव्हते. मूळ जागी गाठ परत येते ती बहुधा रुग्णाला आपल्याच हाताने शोधता येते, त्याला तसे शिकवले पाहिजे, असेही लेखकांनी म्हटले. खेपांच्या बाबतीत मात्र त्यांनी हात राखला: सहा महिन्यांचे अंतर तीन महिन्यांइतकेच सुरक्षित आहे हे या आकड्यांवरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे अधिक काळ मागोवा घेऊन २०१८ साली त्यांनी दुसरा निबंध प्रसिद्ध केला आणि कमी तीव्रतेच्या देखरेखीने आयुर्मान घटल्याचे दिसत नाही असे मांडले. त्यानंतर हाच प्रश्न घेऊन कॅनडातल्या हॅमिल्टनहून अनेक देशांची मिळून एक मोठी चाचणी सुरू झाली आहे. मुंबईच्या एका रुग्णालयाचा प्रश्न जगाचा झाला.

२०१४ च्या त्या निबंधातले 'निर्णायकपणे सिद्ध होत नाही' हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. आपल्या समीक्षेत असे वाक्य किती वेळा भेटते? प्रबंधांच्या उपसंहारात तर कधीच नाही. असो.

भाषेच्या माणसाला या साऱ्यात एक टोचणी राहतेच, ती शब्दांची. चाचणीत सहभागी होणे याला आपली बोली म्हणते 'प्रयोग करणे'. नाटकाचा प्रयोग होतो तेव्हा हा शब्द गोड असतो. 'आमच्यावर प्रयोग करतात' म्हटले की त्यात उंदीर आणि बेडूक येतात. 'चाचणी' म्हटले तर शाळेतली घटक चाचणी आठवते आणि नापास होण्याची भीती. चिठ्ठीने गट ठरवण्याला पारिभाषिक मराठीत 'यादृच्छिकीकरण' म्हणतात. तो शब्द ऐकून रावेरकडच्या तडवी बाईने अंगठा उठवला तर त्याला होकार म्हणायचे का? उलट 'चिठ्ठी टाकू' म्हटले तर कळते, पण भिशीची नि सोडतीची आठवण येऊन प्रकरण जुगाराचे वाटते. आणि हे सारे प्रमाण मराठीत. अहिराणीत, पावरीत, भिलीत ते कसे सांगावे यावर आमच्या विद्यापीठात, ज्याला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे तिथे, एखादा प्रबंध व्हायला हरकत नसावी.

होकाराचा प्रश्न कोरडा नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) १,३१,७४६ स्त्रियांवर झालेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी-चाचणी प्रसिद्ध आहे. विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे तिने २००९ साली दाखवले, आणि जगाने ते मानले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती, यावरून पुढे जोराचा वाद झाला. तपासणी तेव्हा त्या भागात कुणालाच मिळत नव्हती, हे एका बाजूचे म्हणणे. मिळत नाही म्हणून न देणे योग्य ठरते का, हे दुसऱ्या बाजूचे. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून मी अडकतो. कायदा मात्र हळूहळू पुढे सरकला. २००७ साली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही निघाली, जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर औषधांच्या चाचण्यांत होकाराचे ध्वनिचित्रमुद्रण आले आणि २०१९ च्या नियमांनी ते काही विशिष्ट चाचण्यांपुरते ठेवले.

एक गोष्ट जाता जाता. आतड्याच्या भिंतीत होणारी एक दुर्मीळ मृदू-ऊती गाठ आहे, तिच्यावर २००० सालापर्यंत शस्त्रक्रियेपलीकडे उपाय नव्हता. त्या वर्षी फिनलंडमध्ये एका स्त्रीला रक्ताच्या कर्करोगावरची इमॅटिनिब ही गोळी देऊन पाहिली, गाठी आटल्या. मग १४७ रुग्णांच्या चाचणीने ते पक्के केले. आपल्याकडे प्रश्न वेगळाच उभा राहिला: मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या पुढे, देशी कंपन्यांची दहा हजारांच्या आसपास. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने एकस्वाला विरोध केला, खटला वर्षानुवर्षे चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. ज्ञान सिद्ध होणे आणि ते साक्रीपर्यंत पोहोचणे यांत इतके अंतर असते.

जळगावला २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धुळ्याला ते त्याआधी तीन दशकांपासून आहे. छातीचा एक्स-रे आता तालुक्याला निघतो आणि मोबाइलवरून मुंबईला पोहोचतो. धर्मशाळेची ओसरी तरीही रिकामी नसते.

मामा २०१२ साली गेले, हृदयविकाराने. गाठ परत आली नव्हती. दिवसकार्य झाल्यावर मामींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्यात त्यांच्या छातीचे फोटो होते, वर्षावार लावलेले, आणि प्रत्येक पाकिटात त्या खेपेची रेल्वेची तिकिटे. आम्ही ते मोजले. तेवीस खेपा. त्या एका सी.टी. स्कॅनचे पाकीट सर्वांत वर होते. त्यावर मामांच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले एवढेच होते: 'म्हैस'.